पंचनाम्यानंतरची विचारपूस

पूर ओसरला की गावात माणसं ठरावीक क्रमाने येतात. आधी बिस्किटं, ब्लँकेटं घेतलेले टेम्पो येतात. मग पुढारी. मग पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक. आणि आठवडा उलटला की हातात छापील प्रश्नावली घेतलेली तरुण मुलं दिसू लागतात. कुणी कॉलेजातून आलेली, कुणी संस्थेकडून, कुणी प्रबंधासाठी. घरातला चिखल उपसणाऱ्या बाईला ती विचारतात, ‘तुम्हाला त्या प्रसंगाची स्वप्नं पडतात का?’ बाई खोरं खाली न ठेवता सांगते, ‘झोप लागली तर पडतील ना.’

बाईचं बरोबर आहे. प्रश्नही तसा चुकीचा नाही, पण तो विचारायची वेळ आणि जागा दोन्ही चुकलेत. आपत्तीतून वाचलेल्यांमध्ये आघातोत्तर तणावाची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं कुणाला आहेत हे हुडकून काढणं गरजेचंच आहे. हे काम मानसोपचारतज्ज्ञच करतील असं म्हणून भागत नाही, कारण तालुक्याच्या गावी तो बहुतेकदा नसतोच. पहिली चौकशी आशाताई, शाळेतले गुरुजी, तरुण मंडळातली मुलं, बचत गटातल्या बायका यांनाच करावी लागते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या दारात असा कागद येतो त्यांच्यासाठीही.

महिना जाऊ द्या

दरड कोसळली, घरात छातीभर पाणी शिरलं, जमीन हादरली, त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, तेच ते डोळ्यांसमोर येणं, जेवणावरची वासना जाणं हे जवळजवळ सगळ्यांना होतं. तो आजार नव्हे. बहुतेकांचं हे हळूहळू, आपलं आपण ओसरतं. म्हणून पीटीएसडीचं निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. चौथ्या दिवशी प्रश्नावली भरून घेतली तर अख्खं गाव ‘रुग्ण’ ठरेल आणि त्या यादीचा कुणालाच उपयोग होणार नाही.

मग पहिल्या महिन्यात काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन गोष्टींत मावतो: आजूबाजूला नीट बघा, समोरच्याचं ऐका, आणि त्याला जे हवंय त्याच्याशी त्याची गाठ घालून द्या. हरवलेल्या भावाचा पत्ता, बीपीच्या गोळ्या, वाहून गेलेलं रेशनकार्ड, अंघोळीला आडोसा. हेच त्या दिवसांतले मानसिक उपचार. एक गोष्ट मात्र करू नका. सगळ्यांना गोल बसवून ‘काय घडलं ते मोकळेपणाने सांगा, रडून घ्या, हलकं वाटेल’ असा कार्यक्रम घेऊ नका. एका बैठकीत आघात उकरून काढण्याची ही पद्धत एके काळी फार चालली. तिने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं अभ्यासांत दिसल्यावर तिची शिफारस थांबली. माणूस आपणहून सांगू लागला तर ऐकावं, नाहीतर शेजारी बसून चहा घ्यावा.

महिना थांबायचं हा नियम एका बाबतीत मोडायचा: कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, खाणंपिणं सोडलं असेल, भान हरपल्यासारखं वागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

ओळखायचं काय

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची, किल्लारी परिसरातली गावं हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. घरंच माणसांच्या अंगावर आली. जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढे आयसीएमआरच्या प्रकल्पात, डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली, या भागातल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला. भूकंपानंतर मनाचीही मोजदाद करायची असते, ही जाण आपल्याकडे आणणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक.

किल्लारीच्या परिसरात छताखाली झोपायची भीती लोकांच्या मनात फार काळ राहिली. पक्कं घर मिळालं तरी पाठ टेकायला पत्र्याची शेडच बरी वाटायची. २०२४ मध्ये हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले, तेव्हा ज्यांनी १९९३ पाहिलं होतं त्यांच्या पोटात काय झालं असेल याची कल्पना करता येते. असा त्रास ओळखता यावा म्हणून पीटीएसडीच्या लक्षणांचे साधारण चार गट करतात. नको असताना प्रसंग परत परत मनात घुसतो. त्याची आठवण देणाऱ्या जागा, आवाज, माणसं टाळावीशी वाटतात. मन उदास, बधिर होतं, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहतं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखं ताठ राहतं. झोप नाही, चिडचिड, जरा भांडं वाजलं की दचकणं.

आपल्याकडे माणूस हे असं गटवार सांगत नाही. तो सांगतो, छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, हातापायांना मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, कामात जीव लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभरात तिसऱ्यांदा ‘अशक्तपणा’साठी सलाइन मागणारी पूरग्रस्त बाई ही खरं तर स्क्रीनिंगची पहिली उमेदवार. तिला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारले, तर सलाइनचे पैसे वाचतील.

पाच प्रश्न

जगभर वापरात असलेली एक छोटी प्रश्नावली आहे, पीसी-पीटीएसडी-५. अमेरिकेच्या राष्ट्रीय पीटीएसडी केंद्राने ती साध्या दवाखान्यांत वापरण्यासाठी बनवली. आधी एक दाराचा प्रश्न: जिवावर बेतलेला, भयंकर असा प्रसंग तुमच्यावर आला होता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच थांबायचं. ‘हो’ असेल तर गेल्या महिन्याभराबद्दल पाच गोष्टी विचारायच्या. साध्या बोलीत त्या अशा होतील: त्या प्रसंगाची वाईट स्वप्नं पडतात का, किंवा नको असताना तेच मनात येतं का? तो विचार येऊ नये म्हणून खटपट करता का, तिकडची वाट, ती जागा टाळता का? सारखं सावध, दचकल्यासारखं वाटतं का? माणसांपासून, कामापासून, आजूबाजूच्या सगळ्यापासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? जे घडलं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबतच नाही, असं होतं का?

प्रत्येक ‘हो’ला एक गुण. तीन किंवा चार ‘हो’ आले की पुढची तपासणी हवी. तीनची रेषा ठेवली तर कमी लोक सुटतात, चारची ठेवली तर उगाच धाडलेले कमी होतात. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर तपासून ठरलेत, शिरोळ किंवा पलूसच्या शेतकऱ्यांवर नव्हे. म्हणून मी तीनच्या बाजूचा. पण पुढे तपासायला माणूसबळ असेल तरच. याहून सविस्तर हवी असेल तर पीसीएल-५ आहे. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशीपैकी ३१ ते ३३च्या पुढे गेलं की काळजी करायची. पण ती समुपदेशकाच्या हाती ठेवा. वीस प्रश्न दारात उभं राहून विचारले तर सातव्यानंतर माणूस ‘हो हो, आहे’ म्हणत सुटतो.

दोष देण्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात नुसता वाचून दाखवू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा कित्येक गोठ्यांत जनावरं दावणीला बांधलेली राहिली. अशा माणसाला ‘तुम्हाला अपराधी वाटतं का?’ म्हटलं तर तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘गुरांचं काय झालं?’ विचारा. तो आधी दूध किती द्यायची ते सांगेल, मग दावं सोडायला एक मिनिट लागलं असतं हे सांगेल, आणि मग गप्प होईल. तुमच्या कागदावरच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर आलं.

आता आकड्यांची गंमत बघा, कारण इथे भलेभले फसतात. समजा, गावात शंभर मोठ्या माणसांना विचारलं आणि त्यांतल्या पंधरांना खरोखर हा विकार आहे. प्रश्नावली शंभरातल्या ऐंशी खऱ्या रुग्णांना बरोबर पकडते असं धरू. म्हणजे इथे बारा जण सापडले, तीन निसटले. उरलेल्या पंच्याऐंशी जणांत पंधरा टक्क्यांना ती चुकून पकडते, म्हणजे तेरा. तुमच्या यादीत पंचवीस नावं, आणि त्यांतली निम्मी विकार नसलेल्यांची. शिबिरात एकदा बीपी जास्त आला म्हणून कुणाला जन्माचा रुग्ण ठरवत नाही, दोन दिवसांनी परत या म्हणतो. इथेही तेवढंच करायचं. म्हणून यादीच्या वर ‘पीटीएसडीचे रुग्ण’ असं लिहू नका, ‘पुन्हा भेटायचे’ एवढंच लिहा.

ओसरीवर नको

स्क्रीनिंग बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट प्रश्नावलीत नसते. ती पंचनाम्यात असते. ज्या गावात आठ दिवसांपूर्वी एक माणूस वही घेऊन आला आणि त्याने लिहिलेल्या आकड्यावर मदत ठरली, तिथे दुसरा माणूस वही घेऊन आला की त्याचा संबंध लोक सानुग्रह अनुदानाशीच लावणार. त्यात लबाडी काही नाही. काही जण त्रास वाढवून सांगतील, काही जण ‘वेड लागलंय असं लिहिलं तर नाव कटेल’ या धास्तीने सगळं नाकारतील. म्हणून पहिलं वाक्य हेच असावं: या कागदाचा मदतीच्या पैशांशी काही संबंध नाही, याने पैसे मिळणार नाहीत आणि जाणारही नाहीत. तलाठी किंवा ग्रामसेवकाला सोबत घेऊन फिरू नका. सरपंचाच्या घरी बसू नका.

ओसरीवरही बसू नका. सासू दळण निवडत बसलेली असताना सुनेला कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर ‘मला काही नाही, आईंनाच जरा त्रास होतो’ असंच येणार. बाईशी बाईने बोलावं, शाळेच्या रिकाम्या खोलीत, अंगणवाडीत, धुणं वाळत घालताना गच्चीवर. आधी परवानगी घ्या, मधेच उठून जायची मुभा द्या, आणि कितीही आग्रह झाला तरी कागदाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ‘आपल्या गावातल्या गरजूंची यादी’ म्हणून अशी नावं फिरलेली मी पाहिली आहेत. त्यात लग्नाची मुलगी असेल तर पुढचं सांगायला नको.

पूरग्रस्त भागात आणखी एक अडचण येते, तिचं उत्तर कुठल्याही छापील मार्गदर्शिकेत सापडत नाही. सांगलीत जुलै लागला की माणसं आयर्विन पुलाची पातळी तासातासाला बघतात, कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची. आयर्विनला ४५ फूट आणि राजारामला ४३ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. कागदपत्रांची पिशवी दाराशी तयार असते. याला ‘सारखं सावध राहणं’ म्हणून गुण द्यायचा का? मी देणार नाही. ती नदीकाठची शहाणीव आहे. पण तोच माणूस फेब्रुवारीत, शेजाऱ्याची मोटर सुरू झाली म्हणून रात्री दोनला अंथरुणातून उठून दार उघडून बाहेर बघत असेल, उन्हाळ्यात नातेवाइकांकडच्या लग्नाला जात नसेल कारण वाटेत पूल लागतो, तर तो नक्की गुण. धोका नसताना शरीर धोक्यात वावरतंय का, आणि त्यामुळे रोजचं काही अडलंय का, या दोन गोष्टी पडताळल्या की सहसा उलगडा होतो.

एकच आजार शोधू नका

पीटीएसडीचा दाराचा प्रश्न जिवावरच्या प्रसंगाचा आहे. पण २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला त्यात पुष्कळांचा जीव वाचला आणि जमीनच खरवडून गेली. सोयाबीन गेलं ते पुढल्या वर्षी येईल, मातीच गेली तर पेरायचं कशात? अशा माणसाला पुराची स्वप्नं पडत नसतील. त्याला सोसायटीच्या कर्जाने झोप लागत नसेल. पाच प्रश्नांत तो शून्य गुण मिळवून सुटेल आणि खरा धोका त्यालाच असेल. म्हणून दोन प्रश्न जोडीला ठेवा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? विदर्भ-मराठवाड्यात आशाताई शेतकरी कुटुंबांत अशी चौकशी आधीपासून करतात. त्यांचा अनुभव शहरातून आलेल्या कार्यकर्त्याहून जास्त कामाचा आहे. आपत्तीनंतर दारू वाढली का, हेही विचारा, पण बायकोला, आणि एकटीला.

आणि सरळ विचारा, ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. विचारल्याने बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक शेजारी हलवा, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिथूनच फोन लावा, आणि धोका डोळ्यांसमोर दिसत असेल तर १०८ बोलवा.

मुलांचं वेगळं. ती ‘मला भीती वाटते’ म्हणत नाहीत. पाचवीतली मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करते, पाऊस आला की शाळेच्या वेळेला पोटात दुखतं, धाकटा दिवसभर दरड कोसळल्याचा तोच खेळ मातीत मांडतो. आईवडील स्वतःच हादरलेले असतात. त्यांना हे दिसत नाही किंवा ते ‘पोरं काय, विसरतात’ म्हणतात. म्हणून आठ वर्षांवरच्या मुलांना मुलांसाठीची छोटी प्रश्नावली घेऊन थेट विचारावं, आणि त्याहून लहानांसाठी शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा. अंथरूण ओलं करण्यावरून ओरडू नका, हे घरच्यांना सांगणं हाच अर्धा इलाज.

जे त्या रात्री गावात नव्हते त्यांनाही धरा. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा वाडीतली बरीच मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांनी काही पाहिलं नाही. पण जवळच्या माणसाचा असा मृत्यू कळणं हाही पीटीएसडीच्या व्याख्येत बसणारा आघात आहे. ३० जुलै २०१४ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. तिथेही कामासाठी बाहेर असलेले मागे उरले. बचावलेल्यांच्या नोंदी घरांच्या जागेवरून केल्या, तर ही माणसं कुठल्याच कागदावर येत नाहीत.

‘हो’ आल्यानंतर

पुढचं ठरलेलं नसेल तर प्रश्नच विचारू नका, असं मी कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगतो. गावात जायच्या आधी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांशी बोला: उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतो, समुपदेशक आहे का, गाडीभाड्याचं काय. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पण क्रमांक कागदावर लिहून देणं म्हणजे पाठवणं नव्हे. पहिला फोन तुमच्यासमोर लावा.

घरच्यांना हेही सांगा की याला इलाज आहे. आघातावर नेमकं काम करणारे बोलण्याचे उपचार, ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी आणि ईएमडीआर, साधारण आठ-बारा बैठकांचे असतात. गरजेनुसार डॉक्टर सर्ट्रालीनसारखी औषधं देतात. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी हा इलाज नाही. पहिल्या महिन्यात अशा गोळ्या देऊ नयेत असंच जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. जो महिनोन्‌महिने घेतोय त्याने मात्र ती एकदम बंद करू नये, डॉक्टरला विचारून कमी करावी. कुणी देवऋष्याकडे गेलं तर वाद घालत बसू नका. तिथे जाऊ द्या, इथेही आणा.

एकदा विचारून काम संपत नाही. काहींची लक्षणं सहा महिन्यांनी पुरती उघडी पडतात. तोवर भांड्याकुंड्यांची जमवाजमव, मुलांच्या फिया, भिंतींचं प्लॅस्टर यांत माणूस स्वतःला गाडून घेतो. महिन्याने एकदा, तीन-चार महिन्यांनी एकदा, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीला, एकदा. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१च्या पुरानंतरचा पहिला जून कसा गेला ते विचारा.

आणि ज्यांनी प्रेतं बाहेर काढली, बोटी चालवल्या, याद्या केल्या, त्यांचं काय? पुराच्या गावातली आशाताई स्वतःच्या घरातलं पाणी तसंच सोडून दुसऱ्यांच्या घरी ओआरएस वाटत असते. तिला कुणी विचारत नाही, आणि ती सांगतही नाही, कारण प्रश्न विचारणारी तीच. या लोकांची तपासणी बाहेरच्या तालुक्यातल्या माणसाकडून करून घ्या, त्यांच्या वरिष्ठांना नावं कळू देऊ नका, त्यासाठी एक दिवस मोकळा द्या, आणि त्या दिवसाचं मानधन कापू नका.